मागील पानावरून पुढे का नाही?

2012 चा पावसाळा. पडद्यावर पीटर पार्कर दुकानाच्या काउंटरपाशी दुधाची बाटली घेऊन उभा आहे. दोन सेंट कमी पडतात आणि दुकानातला पोरगा अडून बसतो. तेवढ्यात मागचा माणूस गल्ल्यावर हात मारतो आणि जाता जाता ती बाटली पीटरकडे भिरकावतो. पीटर त्याला जाऊ देतो. बाटली अजून हवेत असतानाच शेजारी बसलेला माझा तेरा वर्षांचा भाचा म्हणाला, "आता काका जाणार." थोड्याच वेळात रस्त्यावर बेनकाकांना गोळी लागली. थिएटरात कोणी हळहळलं नाही. ज्या मृत्यूतून स्पायडर-मॅन जन्माला येतो, तो मृत्यू उरकून टाकावा तसा उरकला गेला.

यात भाच्याची चूक नव्हती. हेच काका 2002 मध्ये सॅम रायमीच्या चित्रपटात गेले होते आणि तो चित्रपट त्याने टीव्हीवर कितीतरी वेळा पाहिला होता. तिथे कुस्तीचा ठेकेदार पीटरचे पैसे बुडवतो. त्याला लुटून पळणाऱ्या चोराला पीटर रागाच्या भरात वाट करून देतो आणि पुढे तोच चोर काकांना मारतो. राग, सूड आणि मग आयुष्यभराची टोचणी, असं ते पक्कं गणित होतं. नव्या चित्रपटाला तेच दाखवायचं होतं आणि वेगळंही दिसायचं होतं. म्हणून कुस्तीच्या जागी दूध आलं. मारेकऱ्याला शोधत पीटर अर्धा चित्रपट हिंडतो आणि मग तो शोध मध्येच सुटतो. मारेकरी शेवटपर्यंत सापडत नाही. आपल्या इरफान खानने केलेला डॉ. राठासुद्धा पुलावरच्या प्रसंगानंतर पुन्हा दिसत नाही. नव्याने सांगण्यासारखं हाताशी काही नसताना सांगायला बसलं, की असे धागे लोंबकळत राहतात.

हे झालं कसं, तेही पाहू. रायमीचा तिसरा भाग मे 2007 चा. चौथा मे 2011 मध्ये यायचा होता. पटकथा मनासारखी होत नव्हती आणि ठरलेल्या तारखेला चांगला चित्रपट देता येणार नाही, हे रायमीने स्टुडिओला सांगितलं. जानेवारी 2010 मध्ये सोनीने रायमी आणि त्याचा पीटर टोबी मग्वायर दोघांनाही बाजूला केलं आणि पीटर पुन्हा शाळेत जाणार असल्याचं जाहीर केलं. हातात असलेली गोष्ट पुरी करायला आणखी एखादं वर्ष देण्यापेक्षा ती पुसून टाकणं सोपं वाटलं.

या पुसून टाकण्याचं समर्थन करणारे बरेच आहेत. त्यांचं पहिलं म्हणणं असं की, रामायण आपण हजारदा ऐकतो, मग स्पायडर-मॅनने काय घोडं मारलंय? दाखला चांगला आहे, पण तो त्यांच्याच विरोधात जातो. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा दरवेळी दशरथाच्या यज्ञापासून सुरुवात करत नाही. आज सीतास्वयंवर, उद्या लंकादहन. श्रोत्याला मागचं सगळं ठाऊक आहे हे तो गृहीत धरतो आणि त्या ठाऊक असण्यावरच रस उभा करतो. स्टुडिओ नेमकं उलटं करतात. प्रेक्षकाच्या आठवणीला ते अडगळ समजतात.

कॉमिक्समध्येही असंच चालतं, हे दुसरं म्हणणं. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी 1962 मध्ये पीटरची जन्मकथा अवघ्या 11 पानांत सांगून टाकली. मग तो शाळेतून कॉलेजात गेला, कामधंद्याला लागला, त्याची माणसं मेली, 1987 मध्ये त्याचं लग्नही झालं. वाचक त्याच्याबरोबर मोठे झाले. 2007 मध्ये मार्व्हलने ते लग्न कथेतून पुसलं, तेव्हा हेच वाचक संतापले. कॉमिक्समध्येही पाटी कोरी केली जाते हे खरं आहे, पण तिथेही वाचकाला ते सहज पचलेलं नाही.

नव्या पिढीला नवा नायक हवा, हे तर मला मुळीच पटत नाही. 2007 ते 2012 या पाच वर्षांत पिढी बदलते का? पहिल्या चित्रपटाच्या वेळी जे पोरगं आठ वर्षांचं होतं, ते 2012 मध्ये अठराचं झालं होतं. त्याच्यासाठी पीटरनेही मोठं व्हायला हवं होतं. हॅरी पॉटरने 2001 ते 2011 या दहा वर्षांत आठ चित्रपटांतून हेच केलं. तीच तीन मुलं पडद्यावर वाढली आणि त्यांच्यासोबत प्रेक्षकही. नट बदलायचाच असेल तर खुशाल बदला. 1962 ते 2002 या काळात जेम्स बाँड पाच नटांनी साकारला आणि वीस चित्रपट झाले. तो बाँड कसा झाला हे सांगायला 2006 पर्यंत कोणी थांबलं नव्हतं आणि कोणाचं काही अडलंही नव्हतं.

राहता राहिला पैसा. स्टुडिओचा खरा मुद्दा तोच आहे आणि तो मी हलका मानत नाही. ठरावीक मुदतीत चित्रपट आला नाही तर स्पायडर-मॅनचे हक्क मार्व्हलकडे परत जाणार, असा करारच होता. पण करारात चित्रपट काढा असं होतं, पहिल्यापासून काढा असं नव्हतं. आणि हिशेबच मांडायचा तर मांडू. रायमीच्या तीन चित्रपटांनी जगभर अनुक्रमे सुमारे 82, 79 आणि 89 कोटी डॉलर मिळवले. नव्या मालिकेतल्या पहिल्याने सुमारे 76 आणि 2014 च्या दुसऱ्याने 71. तिकिटं महागली होती, थ्रीडीचे जास्तीचे पैसे होते, तरी दोन्ही नवे चित्रपट जुन्या तिघांच्या मागे राहिले. दुसरा भाग प्रदर्शित होण्याआधीच तिसऱ्या आणि चौथ्याच्या तारखा जाहीर झाल्या होत्या. ते दोन्ही कधीच आले नाहीत. 2015 मध्ये सोनीने मार्व्हलशी हातमिळवणी केली आणि पीटर तिसऱ्यांदा नवा झाला.

नव्याने सुरुवात करूच नये, असं मी म्हणत नाही. ख्रिस्तोफर नोलनने 2005 मध्ये बॅटमॅन नव्याने उभा केला तो 1997 च्या फसलेल्या चित्रपटानंतर आठ वर्षांनी. फॅन्टास्टिक फोरचा 2015 चा चित्रपटही आधीच्या मालिकेनंतर आठच वर्षांनी आला आणि सपशेल आपटला. म्हणजे 'लवकर' हे कॅलेंडरवर मोजता येत नाही. 1997 मध्ये बॅटमॅनची ती वाट खुंटली होती आणि ब्रूस वेन घडला कसा, हे मोठ्या पडद्यावर कोणी नीट सांगितलंच नव्हतं. नोलनकडे ते सांगण्यासारखं होतं. आधीची गोष्ट संपलेली नसताना आणि नवं काही सुचलेलं नसताना घाट घातला, तर तो वीस वर्षांनी घातला तरी लवकरच म्हणायचा.

दुसरा मार्ग आहे आणि तो स्टुडिओवाल्यांनीच चालून दाखवला आहे. 2008 च्या हल्कने स्वतःची जन्मकथा श्रेयनामावली चालू असतानाच दाखवून संपवली. टॉम हॉलंडच्या स्पायडर-मॅनने बेनकाकांचा मृत्यू दाखवलाच नाही. 2018 च्या ॲनिमेशनपटाने माइल्स मोरालेस हा निराळाच मुलगा पुढे आणला, पीटरला पोट सुटलेला, घटस्फोट झालेला, थकलेला गुरू केलं आणि ऑस्कर मिळवलं.

आणि मग डिसेंबर 2021. तिन्ही पीटर एका पडद्यावर आले तेव्हा थिएटरात कानठळ्या बसतील इतक्या शिट्ट्या वाजल्या. पण माझ्या मनात राहिलाय तो त्यानंतरचा एक क्षण. हॉलंडच्या पीटरची मैत्रीण एमजे उंचावरून कोसळते आणि अँड्र्यू गारफिल्डचा, म्हणजे 2012 च्या मालिकेतला पीटर झेपावून तिला धरतो. 2014 मध्ये अशीच कोसळणारी त्याची प्रेयसी ग्वेन त्याला वाचवता आली नव्हती. एमजेला खाली उतरवताना त्याचा चेहरा रडवेला होतो आणि बरा आहेस ना असं तीच त्याला विचारते. सात वर्षं अर्धवट टाकलेलं दुःख तिथे काही सेकंदांत पुरं झालं. माझ्या शेजारची कॉलेजातली मुलगी डोळे पुसत होती. त्या चित्रपटाने 190 कोटी डॉलरांहून अधिक कमावले, आणि त्यातला मोठा वाटा स्टुडिओने स्वतःच पुसून टाकलेल्या दोन मालिकांच्या आठवणींचा होता. मागील पानावरून पुढे गेलं तर काय मिळतं, याला आणखी वेगळा पुरावा नको.

तरीही सवय सुटत नाही. रॉबर्ट पॅटिन्सनचा बॅटमॅन मार्च 2022 मध्ये आला. आईवडिलांचा खून पुन्हा न दाखवता, थेट त्याच्या कामाच्या दुसऱ्या वर्षापासून मॅट रीव्ह्जने गोष्ट सुरू केली आणि ती लोकांना आवडली. पुढल्याच जानेवारीत, या बॅटमॅनचा एकच चित्रपट झालेला असताना, डीसी स्टुडिओजने दुसऱ्या बॅटमॅनचा वेगळा चित्रपट जाहीर केला. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: रीव्ह्जला त्याची गोष्ट शेवटापर्यंत सांगू द्या. नव्या बॅटमॅनची आम्हाला घाई नाही.