अंगावर काढलेल्या दुखण्यांचा हिशेब

१/ आरोग्यव्यवस्थेत मोठी सुधारणा करायची म्हटले की दोन आक्षेप हमखास पुढे येतात: ‘परवडणार नाही’ आणि ‘ही वेळ नव्हे’. दोन्ही ऐकायला शहाणपणाचे वाटतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तर घरोघरी शिकवले जाते. या आक्षेपांची कसोटी पाहायची असेल तर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा इतिहास वाचावा. तेथे टीकाकारांनी वर्तवलेली खर्चवाढ खरी ठरली. त्यांनी तिचा लावलेला अर्थ मात्र चुकला.

२/ १९४८ पूर्वीचे चित्र आधी पाहू. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ठरावीक उत्पन्नाखालील कामगारांना डॉक्टरची सोय मिळाली होती. पण त्यांच्या बायकामुलांना नाही. घरातील पैसा भाडे आणि अन्न यांवर संपे. मग गृहिणी आपले दुखणे अंगावर काढी. नजर अधू झाली की अनेक जण वूलवर्थच्या दुकानात जाऊन, एकेक चष्मा डोळ्यांवर लावून पाहून, त्यातल्या त्यात बरा दिसणारा विकत घेत.

३/ डिसेंबर १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल प्रसिद्ध झाला. सर्वांसाठी आरोग्यसेवा हे त्याचे एक गृहीतक होते. अर्थमंत्री किंग्जली वुड यांनी खर्चाचा मुद्दा उपस्थित केला आणि सरकारने निश्चित वचन देण्याचे टाळले. फेब्रुवारी १९४३ मध्ये कॉमन्स सभागृहात शंभराहून अधिक सदस्यांनी या चालढकलीविरुद्ध मतदान केले. ‘आता की युद्धानंतर’ हा वाद तेव्हाच पेटला होता.

४/ युद्ध संपले, पण सोयीची वेळ आली नाही. ब्रिटन कर्जबाजारी झाला होता. डिसेंबर १९४५ मध्ये त्याने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज मान्य करून घेतले. युद्धकाळात कधीही रेशनवर नसलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला. ‘ही वेळ नव्हे’ म्हणणाऱ्यांना याहून बळकट पुरावा कोणता हवा होता?

५/ त्याच वर्षी मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी विधेयक आणले. वेल्समधील कोळसा खाणीत वयाच्या तेराव्या वर्षी कामाला लागलेला हा माणूस. हुजूर पक्षाने विधेयकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाला विरोध केला. निःपक्षपणे सांगायचे तर त्यांचा विरोध सर्वांसाठी आरोग्यसेवा या तत्त्वाला नव्हता. १९४४ ची श्वेतपत्रिका संयुक्त सरकारचीच होती. त्यांचे भांडण रुग्णालयांच्या राष्ट्रीयीकरणाशी होते. नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयकाचा कायदा झाला.

६/ पुढची लढाई डॉक्टरांशी झाली. आपण सरकारी नोकर होऊ, ही त्यांची भीती होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने घेतलेल्या मतदानात ४० हजारांहून अधिक डॉक्टरांनी विरोधात, तर पाच हजारांहून कमी डॉक्टरांनी बाजूने मत दिले. बेव्हन यांनी माघारही घेतली आणि तडजोडीही केल्या: तज्ज्ञांना खासगी व्यवसायाची मुभा दिली, घरगुती डॉक्टरांवर पूर्ण पगारी नोकरीची सक्ती होणार नाही याची कायदेशीर हमी दिली. एका गोष्टीत मात्र ते हटले नाहीत. ती म्हणजे तारीख.

७/ ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. त्या दिवशी ब्रिटनमध्ये पाव अजून रेशनवरच होता.

८/ आता खर्च. बेव्हरिज यांनी १९४५ साठी १७ कोटी पौंडांचा अंदाज बांधला होता आणि १९६५ साठीही तेवढाच. लोक निरोगी झाले की गरज घटेल, हा त्यांचा तर्क. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी ५० लाखांहून अधिक चष्मे दिले गेले, सुमारे ८५ लाख लोकांनी दातांवर उपचार घेतले आणि १८ कोटी ७० लाख औषधचिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. १९४९-५० मध्ये सुमारे २६ कोटी पौंडांच्या मूळ अंदाजावर जवळपास १० कोटींची पूरक मागणी संसदेपुढे ठेवावी लागली. ‘आम्ही सांगितलेच होते’ म्हणण्याचा अधिकार टीकाकारांना निश्चित मिळाला.

९/ पण अंदाज चुकला कशामुळे? जे पूर्वी डॉक्टरकडे गेले, त्यांचीच संख्या वह्यांत होती. जे कधी गेलेच नाहीत, त्यांची नोंद कोण ठेवणार? पन्नास लाख लोकांची नजर ५ जुलैच्या सकाळी अचानक अधू झाली नव्हती. तो खर्च आधीही होत होता. शिवणकाम सोडून द्यावे लागलेल्या बाईच्या घटलेल्या मिळकतीत तो होता, किडलेल्या दातांच्या ठणक्यात होता, वेळेवर न ओळखलेल्या आजारात होता. सरकारी तिजोरीला तो दिसत नव्हता, एवढेच. सुधारणेने जुन्याच खर्चातला मोठा भाग घराघरांतून उचलून अंदाजपत्रकाच्या पानावर आणला.

१०/ राजकारण मात्र पानावर जे दिसते त्यावरच चालते. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि त्याच वर्षी मजूर सरकारने औषधचिठ्ठीवर शुल्क लावण्याचा अधिकार कायद्याने घेऊन ठेवला. मग कोरियाचे युद्ध आले. सरकारने तीन वर्षांसाठी ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम जाहीर केला. एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळी आणि चष्मा यांचा निम्मा खर्च रुग्णावर टाकला. त्या वर्षीची अपेक्षित बचत होती सुमारे १ कोटी ३० लाख पौंड.

११/ बेव्हन यांनी राजीनामा दिला; त्यांच्यापाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन बाहेर पडले. गेट्सकेल यांची बाजू पोकळ नव्हती. साधने मर्यादित होती आणि कोणत्याही एका खात्याला अमर्याद निधी देता येत नाही, हे त्यांचे म्हणणे आजही टिकते. पण ४७० कोटींपुढे १ कोटी ३० लाख! एवढ्या रकमेसाठी सरकार फुटते, तेव्हा वाद रकमेचा राहिलेला नसतो. काटकसरीची सुरुवात कोणापासून करायची, हा तो वाद होता.

१२/ त्यातला उपरोध पुढे उघड झाला. ऑक्टोबर १९५१ मध्ये सत्तेवर आलेल्या चर्चिल सरकारलाच मान्य करावे लागले की शस्त्रसज्जतेचा तो कार्यक्रम ठरल्या वेळेत पूर्ण होणे शक्य नाही. म्हणजे ज्या खर्चासाठी कवळ्यांवर शुल्क बसले, तो त्या गतीने होणारच नव्हता. शुल्क मात्र राहिले. १९५२ मध्ये औषधचिठ्ठीवर एका शिलिंगचे शुल्कही आले.

१३/ खर्च हाताबाहेर गेला आहे का, हे तपासण्यासाठी हुजूर सरकारने १९५३ मध्ये केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलेबो यांची समिती नेमली. काटकसरीचे मार्ग सुचवले जातील, ही अपेक्षा होती. समितीचा १९५६ चा अहवाल वेगळेच सांगून गेला: राष्ट्रीय उत्पन्नातील आरोग्य सेवेचा वाटा १९४९-५० मध्ये ३.७५ टक्के होता, तो १९५३-५४ मध्ये ३.२५ टक्क्यांवर उतरला होता. या घटीत शुल्कांचाही हातभार होता, हे मान्य. पण ‘अथांग खड्डा’ म्हणून जी भीती घातली गेली, तिला हिशेबात आधार सापडला नाही.

१४/ याच काळात भारतातही हा प्रश्न उभा होता. नाशिकमध्ये जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये समिती नेमली गेली. तिच्या सल्लागारांत ऑक्सफर्डचे जॉन राइल होते. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व तिने १९४६ मध्येच मांडले. तत्त्वावर फारसे कोणी भांडले नाही. अल्पकालीन योजनेत ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले होते. १९५२ पासून केंद्रे उघडू लागली ती त्याहून पुष्कळ मोठ्या लोकसंख्येच्या विकास गटामागे एक या प्रमाणात. भारतापाशी ब्रिटनची संपत्ती नव्हती, डॉक्टर आणि परिचारिकाही नव्हत्या. हा फरक विसरून चालणार नाही. पण ‘५ जुलै’सारखी तारीखही कधी ठरली नाही.

१५/ तारीख ठरली नाही म्हणून खर्च टळला का? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्येही देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ६४ टक्के रक्कम लोक थेट खिशातून भरत होते. पुढे हे प्रमाण घटले आहे. पण मधली दशके कर्ज काढून, जमीन गहाण टाकून, दुखणे अंगावर काढून लोकांनीच निभावली.

१६/ म्हणून आरोग्य सुधारणेच्या खर्चाचा वाद वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन रकाने आखावेत: सुधारणा केली तर तिजोरीवर किती भार, आणि नाही केली तर तो भार कोणाच्या माथी. पहिला रकाना भरायला अर्थखाते असते. दुसरा बहुतेक वेळा कोराच राहतो, आणि कोऱ्या रकान्यालाच लोक बचत समजतात.