बी.ए. नाही, मग एम.ए. कसं?

ब्रिटनमधल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जा, जेवणाच्या रांगेत हा प्रश्न कधी ना कधी कानावर येतोच. विचारणारी बहुधा स्वतःचं नाव पुढे करत नाही. ‘माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय,’ अशी सुरुवात होते. मैत्रिणीचं एस.वाय.ला असताना लग्न ठरलं. नवऱ्याबरोबर ती इकडे आली, मुलं झाली. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिने एका ऑफिसात हिशेबाचं काम धरलं. आज तिथे दहा-बारा वर्षं झाली, हाताखाली चार माणसं आहेत. पण पदवी नाही. तिला आता मास्टर्स करता येईल का?

रांगेतलं उत्तरही ठरलेलं असतं. ‘अगं, बी.ए. नाही तर एम.ए. कसं करणार?’ विषय तिथेच मिटतो आणि ‘मैत्रीण’ ताट घेऊन पुढे सरकते.

हे उत्तर आपल्याकडच्या नियमांनी बरोबर आहे, इथल्या नियमांनी नाही. ब्रिटनमध्ये पदवी नसतानाही पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळू शकतो. सगळ्या विद्यापीठांत नाही, सगळ्या विषयांना नाही आणि नुसत्या इच्छेवर तर नाहीच. पण रस्ता आहे, अधिकृत आहे आणि आपल्या लोकांना तो फारसा माहीत नाही. तो कोणी धरावा आणि कोणी धरू नये, याबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

आधी हे जमतं कसं ते पाहू. इथली विद्यापीठं प्रवेशाच्या बाबतीत बरीच स्वायत्त आहेत. कोणाला घ्यायचं हे विद्यापीठ ठरवतं. इंग्लंडमधल्या पात्रतांच्या उतरंडीत बॅचलर्स पदवी सहाव्या पातळीवर आहे आणि मास्टर्स सातव्या. सातव्या पातळीचा अभ्यास तुम्हाला झेपेल, याची विद्यापीठाला खात्री हवी असते. पदवी हा त्या खात्रीचा सगळ्यात सोपा पुरावा, पण एकमेव नाही. म्हणून अनेक अभ्यासक्रमांच्या माहितीत पदवीची अट लिहिल्यावर खाली आणखी एक ओळ असते: पदवी नसेल, पण संबंधित क्षेत्रातला भरीव अनुभव किंवा व्यावसायिक पात्रता असेल, तर अर्जाचा स्वतंत्र विचार होईल. आपण पहिली ओळ वाचतो आणि पान बंद करतो. आपल्या कामाची ओळ दुसरी असते.

अशा अर्जात काय लागतं? कामाचा तपशीलवार आलेख, म्हणजे नुसती पदांची नावं नव्हेत, तर काय जबाबदारी घेतली, कुठला निर्णय केला, त्यातून काय झालं. वरिष्ठांची दोन चांगली शिफारसपत्रं. हा विषय आत्ताच का शिकायचा आहे, याचं प्रामाणिक निवेदन. काही ठिकाणी मुलाखत होते, काही ठिकाणी छोटा निबंध लिहून मागतात. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल की नाही, हेही आधी विचारून घ्यावं.

आणखी एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. इथली मास्टर्स पदवी साधारण १८० क्रेडिटची असते. त्यातली पहिली ६० क्रेडिट पूर्ण केली की पदव्युत्तर सर्टिफिकेट मिळतं, १२० झाली की पदव्युत्तर डिप्लोमा आणि मग प्रबंध लिहून मास्टर्स. पदवी नसलेल्याला विद्यापीठ अनेकदा थेट मास्टर्सला न घेता आधी सर्टिफिकेटला घेतं. तिथे गुण चांगले पडले की पुढचं दार उघडतं. यात कमीपणा मानू नये. उलट, आपल्याला हे झेपतंय की नाही हे कमी पैशांत आणि कमी वेळात कळतं.

व्यवस्थापन, शिक्षणशास्त्राच्या काही शाखा, कला-व्यवस्थापन, सर्जनशील लेखन, आरोग्यसेवेतलं नेतृत्व अशा विषयांत अनुभवाला वजन असतं. जिथे परवाना लागतो तिथे मात्र मास्टर्सने पदवीची उणीव भरून निघेलच असं नाही. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये शाळेतल्या शिक्षकाचा अधिकृत दर्जा मिळवायचा तर पहिली पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. आपल्या अनेक भगिनी शाळांमध्ये वर्ग-साहाय्यक म्हणून उत्तम काम करतात आणि पुढे शिक्षिका व्हायचं मनात धरतात. त्यांनी हा मुद्दा आधी तपासावा.

काही जण म्हणतील, हे सगळं पळवाटा काढण्यासारखं आहे. तसं नाही. जेन गुडाल यांना १९६२मध्ये केंब्रिजने थेट पीएच.डी.साठी घेतलं, तेव्हा त्यांच्याकडे कुठलीच पदवी नव्हती. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात त्यांनी चिंपांझींचं जे निरीक्षण केलं होतं, ते पुरेसं ठरलं. ओपन युनिव्हर्सिटी १९६९मध्ये स्थापन झाली, १९७१मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले, आणि पदवीच्या वर्गात बसायला आधीची कुठलीही परीक्षा पास असण्याची अट तिने ठेवली नाही. ‘टपाल आणि टीव्हीवरून कुठे विद्यापीठ चालतं का?’ असं तेव्हाही विचारलं गेलंच. आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल, तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आठवा. कॉलेजची बी.ए. त्यांच्याकडे नव्हती, पण मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक झाले. ज्ञान कागदाआधी येऊ शकतं, हे आपल्याला नवं नाही.

अमेरिकेत हा रस्ता फार अरुंद आहे. तिथली विद्यापीठं मास्टर्ससाठी साधारणपणे बॅचलर्स मागतातच. पण अपवाद तिथेही आहेत. एम.आय.टी.मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या पुढाकाराने विकासाचं अर्थशास्त्र आणि धोरण या विषयाचा असा कार्यक्रम सुरू झाला, ज्यात आधी ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यायचे, देखरेखीखाली परीक्षा द्यायच्या आणि त्यात चमक दाखवली तर मास्टर्ससाठी अर्ज करायचा. कॉलेजची पदवी असलीच पाहिजे अशी अट नाही. बॅनर्जींच्या आई मूळच्या मराठी, पाटणकर घराण्यातल्या. २०१९चं नोबेल जाहीर झालं तेव्हा आपण सगळ्यांनी ते अभिमानाने एकमेकांना कळवलं होतं. त्यांनी उघडलेल्या या दाराची बातमी मात्र तेवढी फिरली नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती जास्त महत्त्वाची. पदवी कुठे घेतली याइतकंच ती कुठे वापरायची याला महत्त्व आहे.

भारतात परतायचा विचार असेल तर सावध राहा. पदवी नसताना मुक्त पद्धतीने दिलेल्या मास्टर्सचा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अण्णामलाई विद्यापीठाच्या त्या खटल्यात २००९मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम मुक्त विद्यापीठांनाही लागू आहेत आणि पहिल्या पदवीशिवाय दिलेली एम.ए. त्या नियमांत बसत नाही. तो खटला भारतातल्या विद्यापीठाचा होता हे खरं. पण त्यामागची दृष्टी सरकारी कचेऱ्यांत आजही तीच आहे: दहावी, बारावी, पदवी, मग पदव्युत्तर. सरकारी नोकरी, प्राध्यापकी, भारतातली पीएच.डी. यांपैकी काही मनात असेल, तर नुसत्या मास्टर्सवर विसंबू नये. खासगी कंपनीत प्रश्न वेगळा. तिथे बहुतेक वेळा शेवटची पदवी आणि काम बघतात.

आखातातल्या वाचकांनाही हेच सांगणं. तिथे कागदपत्रांची साक्षांकित साखळी लागते आणि मधला दुवा गायब असेल तर खिडकीवरचा माणूस फाइल परत करू शकतो. ब्रिटनमध्ये मास्टर्स करून पुढे दुबई-दोह्याला जाण्याचा बेत असेल, तर तिथल्या समकक्षतेचे नियम आधी वाचावेत, फी नंतर भरावी.

मग पैसा. ज्यांचं वास्तव्य कायम झालेलं आहे आणि जे तीन वर्षं इथे राहिले आहेत, त्यांना साधारणपणे स्थानिक फी लागते. इंग्लंडमध्ये मास्टर्ससाठी सरकारी कर्जही मिळू शकतं. २०१६पासून ती सोय आहे. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर आलेल्यांना शिकायची मुभा असते, पण फी बहुधा परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे कितीतरी जास्त. अशा वेळी कायम वास्तव्य मिळायला वर्ष-दोन वर्षं उरली असतील, तर थांबण्यात शहाणपण आहे. आणि एक खाच फारशी कोणी सांगत नाही: बॅचलर्सच्या सरकारी कर्जाचा नियम साधारणपणे असा आहे, की त्याच किंवा त्याहून वरच्या पातळीची पदवी आधीच असेल तर ते मिळत नाही. म्हणजे आज मास्टर्स केलं आणि पाच वर्षांनी बॅचलर्सची गरज भासली, तर तो खर्च खिशातून करावा लागू शकतो.

म्हणूनच काही जणांसाठी दुसरा रस्ता जास्त चांगला. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेले, नर्सिंगचा जी.एन.एम. केलेले कितीतरी जण इथे आहेत. त्यांचा डिप्लोमा विद्यापीठाने मान्य केला, तर शेवटच्या वर्षाएवढा अभ्यास करून बॅचलर्स पूर्ण करता येते. त्याला इथे टॉप-अप म्हणतात. १२० क्रेडिट, नोकरी सांभाळून केलं तर दोन-एक वर्षं. त्यानंतर मास्टर्स, आणि मग जगात कुठेही साखळी अखंड. ज्यांची पदवी एफ.वाय.-एस.वाय.ला अडकली, त्यांनीही पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या आपल्या जुन्या विद्यापीठाकडून गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रती मागवून ठेवाव्यात. किती जुना अभ्यास धरायचा, याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे. पण कागद हातात असला तर विचारता तरी येतं. गावाकडे भाऊ-वहिनी असतील तर त्यांना एक दिवस विद्यापीठात पाठवा. हे काम दुरून होणं कठीण.

थोडक्यात आमचं मत असं. वय पस्तीस-चाळिशीच्या पुढे, एकाच क्षेत्रातला दमदार अनुभव, पुढचं आयुष्य ब्रिटनमध्येच काढायचं आणि बढतीच्या आड फक्त कागद येतोय, अशा माणसाने थेट मास्टर्सचा रस्ता जरूर धरावा. वय पंचविशीच्या आत, अनुभव तोकडा, पुढे कुठल्या देशात जायचं ते ठरलेलं नाही, अशा माणसाने आधी बॅचलर्स पूर्ण करावी. आणि बारावी झालेल्या मुलाला ‘तीन वर्षं वाचतील’ असं सांगून कोणी एजंट मास्टर्सच्या नावाने पैसे मागत असेल, तर आई-बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवावं. ही सोय कामात मुरलेल्या माणसांसाठी आहे. काही खासगी संस्था ‘सातव्या पातळीचा डिप्लोमा’ मास्टर्स म्हणून विकतात. पातळी तीच असली तरी तो डिप्लोमा म्हणजे मास्टर्स पदवी नव्हे. पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, याची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आहे. फी भरण्याआधी तिथे नाव शोधायला पाच मिनिटं पुरतात.

एक इशारा अभ्यासाचाही. तीन वर्षांच्या पदवीत माणूस नुसता विषय शिकत नाही, तर वाचून टिपणं काढायला, दुसऱ्याचं मत खोडायला, संदर्भ देऊन लिहायला शिकतो. पदवी नसलेल्याला मास्टर्सच्या पहिल्या निबंधात हीच अडचण येते, आणि ‘आपल्याला जमणार नाही’ असं वाटून काही जण सोडून देतात. त्यांनी प्रवेशाच्या आधीच्या वर्षी शैक्षणिक लेखनाचा एखादा छोटा कोर्स करावा. ओपन युनिव्हर्सिटीचे काही कोर्स फुकट आहेत. आकडेवारीची भीती असेल तर तीही तेव्हाच घालवावी.

आणि शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. आपल्या समाजात ‘शिक्षण किती झालंय?’ हा प्रश्न जितक्या सहज विचारला जातो, तितकाच तो समोरच्याला बोचतो. लग्नासाठी, सासऱ्यांच्या आजारपणासाठी, धाकट्या भावाच्या फीसाठी ज्यांनी आपलं कॉलेज सोडलं, त्यांनाच पुढे आयुष्यभर तो चुकवत फिरावं लागतं. ‘या वयात आता काय करायचंय शिकून?’ असं तिला विचारण्याआधी, ती थांबली तेव्हा कोणासाठी थांबली होती, ते आठवावं. आता संध्याकाळी तीन तास कोणी स्वयंपाकघर सांभाळलं आणि मुलांचा गृहपाठ घेतला, तर परतफेड तिथूनच सुरू होते. दिवाळी पहाट आणि गणपती आपण थाटात करतो. प्रत्येक मंडळाने वर्षातला एक शनिवार या विषयाला द्यावा. ज्यांनी असा रस्ता काढला आहे, त्यांना बोलवावं आणि त्यांचे अर्ज, त्यांची निवेदनं बाकीच्यांना बघू द्यावीत.

तोवर रांगेतल्या त्या मैत्रिणीने एवढं करावं: हव्या त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेश विभागाला चार ओळींची ईमेल लिहावी. मी अमुक वर्षं अमुक काम करते, माझी पदवी अपूर्ण आहे, माझ्या अर्जाचा विचार होऊ शकेल का? या पत्राला काही खर्च येत नाही. ‘नाही’ असं उत्तर आलं तर पुढच्या विद्यापीठाला लिहावं. फक्त आता ‘मैत्रिणीसाठी’ न विचारता स्वतःच्या नावाने विचारावं.