छंदाची हजेरी

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या वेळापत्रकात अलीकडे एक नवी नोंद दिसू लागली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात मुख्य विषय व त्याच्या जोडीचे विषय यांच्याबरोबर सहअभ्यासक्रमीय उपक्रमांनाही श्रेयांक देण्यात आले आहेत. खेळ, योग, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, नाट्य, संगीत, चित्रकला या गोष्टी आता पदवीच्या हिशेबात मोजल्या जातात. हा आराखडा राज्यात २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. विद्यार्थी म्हणजे केवळ परीक्षा देणारे यंत्र नव्हे, त्याला गळा आहे, हात आहेत, आवडीनिवडी आहेत, हे शासनाच्या कागदावर उमटले ही गोष्ट लहान नव्हे. तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु स्वागत करतानाच एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. ज्या छंदाला हजेरीपट, तासिका आणि गुणपत्रिका यांचे कोंदण लाभले, तो पुढे छंद राहतो काय? आणि तो तसा राहत नसेल, तर विद्यार्थ्याच्या हातून नेमके काय निसटते?

याचे उत्तर विद्यार्थ्याच्या दिवसातच शोधावे लागते. मराठवाड्यातून किंवा खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या एखाद्या मुलाची दिनचर्या पाहावी. एका खोलीत चार-पाच खाटा, त्यांतली एक त्याची. सकाळी तासिका, दुपारी मेसचे जेवण, त्यानंतर प्रात्यक्षिके. संध्याकाळी कोठे तरी अर्धवेळ काम किंवा स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेतील ठरलेली खुर्ची. नव्या रचनेत एका श्रेयांकासाठी सिद्धान्तवर्गाचे पंधरा तास, तर प्रात्यक्षिकाचे तीस तास धरले जातात. एका सत्रात बावीस श्रेयांक घ्यायचे म्हटले आणि ते सारे सिद्धान्ताचेच मानले, तरी पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला बावीस तास वर्गात जातात. प्रात्यक्षिके धरली की हा आकडा वाढतो. त्यावर अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, सादरीकरणे आणि सहा महिन्यांनी येणारी सत्रपरीक्षा. वार्षिक परीक्षेच्या काळात दिवाळीपूर्वी जी सैल हवा महाविद्यालयात वाहत असे, ती आता राहिलेली नाही.

एवढ्या गर्दीतही हा मुलगा आपल्यापुरती जागा शोधतो. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात जुन्या पुस्तकांच्या ढिगासमोर तो अर्धा तास उभा राहतो आणि अभ्यासक्रमाशी संबंध नसलेले एखादे पुस्तक घेऊन परततो. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याची बस गाठतो. कोणी वसतिगृहाच्या गच्चीवर बासरीचे तेच ते सूर घोटत बसतो, कोणी बुद्धिबळाचा डाव मांडतो, कोणी पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. कोणी रात्री वहीत चार ओळी लिहितो. त्या ओळींत जगाला सांगण्यासारखे फारसे काही नसते: घरून मोबाइलवर आलेले पैसे महिनाअखेरपर्यंत कसे पुरवायचे, वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारताना जीभ का अडखळली, गावी गेल्यावर आईशी बोलायला विषय कमी का पडू लागले. पण आपण कोण आहोत आणि कशाकडे ओढले जातो, याचा पहिला पत्ता माणसाला अशाच ओळींतून लागतो. त्यांना श्रेयांक नाहीत, आणि ते नाहीत म्हणूनच त्या खऱ्या असतात.

छंदाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरवू पाहणाऱ्यांनी द. रा. कापरेकर यांचे उदाहरण ध्यानात ठेवावे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नाही. देवळालीत शाळामास्तर म्हणून आयुष्य काढले आणि अंकांशी खेळण्याचा विद्यार्थिदशेतील नाद मात्र सोडला नाही. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या याच ६१७४ पाशी येऊन थांबते. हा अंक आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो. देशातील प्रस्थापित गणितज्ञांनी या खेळाकडे बराच काळ गांभीर्याने पाहिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील आपल्या सदरात त्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव दूरवर गेले. १९२७ च्या त्या विद्यार्थ्याच्या वहीतील आकडेमोडीला कोणत्या शीर्षाखाली किती गुण द्यायचे, हे कोणत्याही समितीला ठरवता आले नसते.

छंदाला बाहेरून शिस्त लावली नाही तर तो ढिला पडतो, असाही एक समज आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. महाविद्यालयीन मुले तिच्यासाठी पदरमोड करून, अपरात्रीपर्यंत जागून तालमी करतात. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नसल्याचा निर्णय दिला आणि करंडक कोणालाच दिला नाही. या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट होते. हौसेच्या क्षेत्रात मापदंड असतात आणि ते विद्यापीठाच्या उत्तीर्णतेच्या रेषेपेक्षा पुष्कळ कठोर असू शकतात. ज्याला काही मनापासून यावेसे वाटते, तो स्वतःला सहजी उत्तीर्ण करीत नाही.

येथे एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो वजनदार आहे. छंद ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे अनेक घरांत आजही मानले जाते. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या बापाला मुलगा नाटकाच्या तालमीला जातो हे कसे पटावे? ‘त्याला गुण आहेत’ हे एक वाक्य त्या मुलाला घराकडून परवानगी मिळवून देते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ केले. पण घरी परतल्यावर वाट पाहणारी भांडी, पाणी आणि धाकटी भावंडे यांतून कोणत्याही शासन निर्णयाने तिला सूट दिलेली नाही. भावाला मिळणारी रिकामी संध्याकाळ तिच्या वाट्याला येत नाही. अशा मुलीला मैदानावर किंवा रंगमंचावर नेणारे श्रेयांक हे वरदानच होत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये सातारच्या महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजनेतून श्रमाला शिक्षणाच्या मांडवात मानाने बसवले, तेव्हा गरीब मुलांसाठी बंद असलेले एक दार उघडले होते. श्रेयांकांनीही असे एक दार उघडले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि दार उघडणाऱ्याने गुणांची वही घेऊन आत शिरू नये. अनुभव असा की ज्या गोष्टीला गुण मिळतात, तिचे प्रमाणपत्र आधी तयार होते आणि काम मागाहून. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, सेवेच्या संस्कारासाठी सुरू झाली. तिच्या शिबिरात मनापासून राबणारी मुले आजही आहेत, आणि केवळ छायाचित्रापुरता खराटा हाती धरणारीही आहेत. दोघांच्या नोंदवहीत तास मात्र सारखेच पडतात. शिक्षकाचीही यात कुचंबणा होते. ज्याने मुलाच्या चित्राजवळ थबकून दोन शब्द बोलावेत, त्याने ते चित्र दहापैकी किती, हे ठरवत बसायचे.

यावर करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. सहअभ्यासक्रमीय उपक्रमांची नोंद ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ एवढीच व्हावी. तेथे श्रेणीची उतरंड नको. आठवड्यातून एक दुपार वेळापत्रकाने मोकळी सोडावी आणि त्या वेळेत ग्रंथालय, जिमखाना व संगीताची खोली कोणत्याही अर्जाविना उघडी असावी. ही दुपार महाविद्यालयाच्याच वेळेतील असल्याने घरकामात अडकणाऱ्या मुलीलाही ती मिळेल. अनेक ठिकाणी नुसती फलकापुरती उरलेली भित्तिपत्रिका आणि वार्षिक अंक विद्यार्थ्यांच्या हाती परत द्यावेत, म्हणजे वहीतल्या त्या चार ओळींना, लिहिणाऱ्याची इच्छा असेल तर, वाचक मिळेल. यासाठी नवा निधी लागत नाही, लागतो तो थोडा विश्वास.

त्या मोकळ्या दुपारी काही मुले झोपतील, काही मोबाइलवर बोटे फिरवीत बसतील, हे उघड आहे. म्हणून ती दुपार वाया गेली, असा हिशेब लगेच मांडू नये. वीस वर्षांच्या मुलाला आपला वेळ आपल्या मर्जीने दवडण्याची संधी विद्यापीठातही मिळाली नाही, तर पुढे नोकरी-संसाराच्या धबडग्यात ती मिळण्याची शक्यता फारच थोडी. आणि ज्याने आपल्या वेळेचे काय करावे हे कधी स्वतः ठरवलेच नाही, त्याच्याकडून उद्या नागरिक म्हणून स्वतंत्र निर्णयाची अपेक्षा तरी कोणत्या आधारावर करायची?