सावली गाडीला, आकाश छत्रीला

मागच्या आठवड्यात राहायच्या गाडीतल्या पाण्याच्या टाकीवर लिहिलं, आज टीव्हीच्या छत्रीवर. माझं म्हणणं आधीच सांगतो : वर्ध्याकडे उन्हाळ्यात गाडी न्यायची असेल, तर छत्री टपावर कायमची ठोकू नका.

मे महिन्यात इथे पारा 45 च्या घरात जातो. सेवाग्राम, पवनार पाहून बोर धरणाकडे वळलेला माणूस मुक्कामाला आधी कडुलिंब शोधतो आणि त्याने तो शोधावाच. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या गाडीत बसवत नाही. छत्रीला मात्र फांदीची आड खपत नाही. एप्रिलात निष्पर्ण सागातून कसाबसा मिळणारा सिग्नल पावसाळ्यात पानं फुटली की जातो. म्हणून छत्री वेगळी, तिपाईवर, लांब केबल सोडून उघड्यावर मांडावी. तिपाईला पाण्याचा भरलेला कॅन टांगावा, वावटळ सांगून येत नाही.

गाडीसाठी डीडी फ्री डिश पुरेशी आहे. डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, आणि रानात मोबाइलची रेंज गेली तरी आजीला सह्याद्रीवरच्या बातम्या मिळतात. या सेवेचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. वर्ध्यातून तो आग्नेयेला, दक्षिणेपासून सुमारे 37 अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून 60 अंश वर येतो. नवखे इथेच चुकतात. एवढ्या उंचीवर नेम धरायचा म्हणून ते छत्री जवळजवळ उताणी करतात. आपल्याकडच्या छत्रीत एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल टिपणारा भाग, मधोमध नसून खालच्या अंगाला असतो, त्यामुळे नेम बरोबर लागलेला असतानाही तबकडी बरीच उभी दिसते.

दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर पाहावी, पण गाडीच्या लोखंडापासून चार पावलं दूर जाऊन. मे अखेरीस भर दुपारी सावलीवर विसंबू नये, तेव्हा इथे सूर्य थेट माथ्यावर असतो. मग सेट-टॉप बॉक्सची सिग्नलची पट्टी पडद्यावर ठेवून छत्री अगदी थोडी सरकवायची, थांबायचं, पुन्हा सरकवायची. घाई केली की पट्टी वर येण्याआधीच नेम पुढे निघून जातो. धो-धो पावसात चित्र तुटलं तर छत्रीला हात लावू नये, सर ओसरली की ते परत येतं.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. वर्ध्यात असं पार्क आखताना झाडं पश्चिमेला लावावीत, म्हणजे तिसऱ्या प्रहराचं ऊन अडेल, आणि प्रत्येक गाडीची आग्नेय बाजू मोकळी सोडावी. उपग्रह एवढा उंच असल्याने त्या बाजूचं झाड त्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांश अंतरावर असलं तरी चालतं. आराखड्यावर याला पैसा लागत नाही, नंतर मात्र वाढलेलं झाड तोडावं लागतं.