केसांची इस्त्री, सिलिकोन आणि आपली तेले

केस सरळ करण्याचे यंत्र आता चैनीची वस्तू राहिलेले नाही. लग्नसराईतील पार्लरपासून वसतिगृहाच्या खोलीपर्यंत ते पोहोचले आहे आणि त्याच्या पाठोपाठ आपल्या चिकित्सालयांत एक नवी मागणी येऊन ठेपली आहे. ‘डॉक्टर, इस्त्रीपूर्वी लावायला सिलिकोन नसलेले एखादे आयुर्वेदिक तेल सांगा,’ असे रुग्णा विचारतात. औषधविक्रेत्याला हा प्रश्न बहुधा आपल्याहूनही अधिक वेळा ऐकावा लागतो. मागणी आली की पुरवठा होतोच. उष्णतेपासून संपूर्ण रक्षणाचे आश्वासन देणारी केश्य तेले व ‘हर्बल सीरम’ दुकानांच्या फळ्यांवर दिसू लागली आहेत. या मागणीला आयुर्वेद व्यावसायिकांनी काय उत्तर द्यावे, याविषयीचे आमचे मत काही व्यवसायबंधूंना रुचणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही ते मांडणे आवश्यक वाटते. दोनशे अंश सेल्सियसला तापलेल्या पट्टीखाली केसाचे रक्षण करील असे तेल आमच्या संहितांनी सांगितलेले नाही; त्यांनी सांगितले आहे असे भासवून ते विकणे आयुर्वेदाच्या हिताचे नाही.

प्रथम केस म्हणजे काय, याविषयी आपल्याच शास्त्राकडे पाहू. केश व लोम यांची गणना आपण अस्थिधातूच्या मलांत करतो. या एका विधानात पुष्कळ काही सामावलेले आहे. रोमकूपात, म्हणजे केसाच्या मुळाशी, धातुपोषण आहे, दोषदूष्यांचा व्यवहार आहे, चिकित्सेला वाव आहे. त्वचेबाहेर आलेला केस मात्र निर्जीव तंतू असतो. तेथे पित्तप्रकोप होत नाही, तेथे फक्त जळणे आणि तुटणे असते. तेव्हा इस्त्रीने रखरखीत झालेल्या केसांच्या टोकांसाठी पित्तशामक क्वाथ देणारा चिकित्सक दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतो, असे आम्हाला नम्रपणे म्हणावेसे वाटते. टाळूचा दाह, खालित्य, अकाली पालित्य हे विषय वेगळे आहेत आणि त्यांत आपला अधिकार निर्विवाद आहे.

आता उष्णतेने केसात नेमके काय घडते ते पाहू. सामान्य हवेत केसाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पाणी असते. भिजल्यावर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास जाते. केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध उष्णतेने व पाण्याने सैल होतात आणि कोरडे पडताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. इस्त्रीने केस सरळ होतो तो याच कारणाने, आणि श्रावणातल्या मुंबईत किंवा पणजीत घराबाहेर पडताच तो पुन्हा वळतो तोही याच कारणाने. हवेतील ओलावा ते बंध पुन्हा सोडवतो. मग संध्याकाळच्या समारंभासाठी तीच मुलगी दुसऱ्यांदा इस्त्री फिरवते. कोकणपट्टीतील पावसाळ्यात हे चक्र अधिक वेळा फिरते, याची नोंद तेथील व्यवसायबंधूंनी इतिवृत्त घेताना अवश्य करावी.

खरे नुकसान ओल्या केसाचे होते. कोरड्या केसातील केराटिनची घडण २३० अंशांच्या आसपास मोडते. केस पाण्यात भिजलेला असेल तर तीच १५० अंशांच्या आसपास मोडते. बाजारातील पट्ट्या साधारण १५० ते २३० अंशांपर्यंत तापतात. हे आकडे शेजारी ठेवले की निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. शिवाय केसात अडकलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होते, ती बाहेर पडण्यास वाट शोधते आणि तंतूच्या आत पोकळ फुगे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस स्पंजासारखा दिसतो आणि फुग्याच्या जागी तो तुटतो. त्वचारोगशास्त्रात ‘बबल हेअर’ या नावाने १९८० च्या दशकापासून याचे वर्णन आहे.

स्नेहपाक स्वतः करणाऱ्या वैद्यांना हे समजावून सांगण्याची गरजच नाही. कल्काची वात करून अग्नीवर धरली असता ती चटचट करीत असेल, तर पाण्याचा अंश शिल्लक आहे आणि पाक पुरा झालेला नाही, ही परीक्षा आपण विद्यार्थिदशेत शिकतो. इस्त्रीखाली केसाचा ‘चर्र’ असा आवाज आला किंवा वाफ दिसली, तर त्याचा अर्थ अगदी तोच आहे. फरक एवढाच की कढईत तो आवाज अपेक्षित असतो. रुग्णेला उष्णतामापकाचे आकडे लक्षात राहत नाहीत, आवाज मात्र राहतो. आमच्या मते या विषयातील सर्वांत उपयुक्त उपदेश हाच आहे आणि त्याला बाटलीची आवश्यकता नाही.

सिलिकोनविषयी आपल्या वर्तुळात जे बोलले जाते, त्यातील बराच भाग अतिरंजित आहे. डायमेथिकोन हे विष नव्हे. त्याचे रेणू मोठे असून ते त्वचेतून सहसा आत जात नाहीत. पोटफुगीच्या गोळ्यांतील सिमेथिकोन हे त्याचेच सिलिकायुक्त रूप, आणि ते लोक निर्धास्तपणे गिळतात. केसावर ते पातळ थर धरते, घर्षण कमी करते, उष्णता आत शिरण्याचा वेग थोडा मंदावते. येथे ‘थोडा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण सिलिकोनही केसाला दोनशे अंशांपासून वाचवीत नाही, ते केवळ काही क्षणांची सवड देते. मग आक्षेप कशाला घ्यावा? एक तर डायमेथिकोन पाण्यात विरघळत नाही. शिकेकाई किंवा रिठा यांसारख्या सौम्य क्षालनाने त्याचा थर पुरता निघत नाही. आठवड्यातून तीन वेळा सीरम आणि एकदा शिकेकाई असा संमिश्र आचार करणाऱ्या स्त्रियांचे केस जड व चिकट होतात आणि दोष बिचाऱ्या शिकेकाईला लागतो! दुसरा आक्षेप उडून जाणाऱ्या चक्रीय सिलिकोनांवर आहे. डी-४, डी-५ व डी-६ या नावांनी ओळखले जाणारे हे पदार्थ पर्यावरणात दीर्घकाळ टिकतात व प्राणिदेहांत साठतात, या कारणास्तव युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांना अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले. धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत डी-४ व डी-५ यांवर तेथे २०२० पासून ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, आणि २०२४ च्या नियमाने ही मर्यादा केसांवर तशीच राहणाऱ्या प्रसाधनांनाही लागू होणार आहे. तापलेल्या पट्टीवर हे पदार्थ हवेत जातात, म्हणजे ते वापरणारीच्या श्वासातही जातात. सिलिकोन टाळू इच्छिणाऱ्या रुग्णेची इच्छा त्यामुळे अवाजवी म्हणता येत नाही. ‘सिलिकोनने केस गळतात’ असे सांगून तिला घाबरवणे मात्र अवाजवी आहे.

तर मग तेल. येथे आपल्या हाती एक भक्कम गोष्ट आहे, आणि ती नेमक्या जागी वापरली जात नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. रेळे व मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली. केस धुण्यापूर्वी वा धुतल्यानंतर लावले असता प्रथिनांची झीज कमी करणारे तेल एकटे खोबरेलच ठरले. त्यातील लॉरिक आम्लाचे सरळ साखळीचे लहान रेणू केसाच्या आत शिरतात, म्हणून धुताना केस कमी फुगतो. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. परंतु खोबरेल केसात शिरते या मुख्य निष्कर्षाला अन्य अभ्यासांनीही पुष्टी दिली आहे. तीळ तेल त्या तुलनेत नव्हते. म्हणून तीळ तेलात सिद्ध केलेल्या भृंगराज तेलाच्या जाहिरातीत त्या प्रयोगाचा दाखला देणे आम्हाला सचोटीचे वाटत नाही.

या प्रयोगातील तेल धुण्याच्या आगेमागे लावले होते, इस्त्रीच्या आधी नव्हे. अशुद्धीकृत खोबरेल तेल सुमारे १७५ अंशांवर धुरावू लागते. तेल चोपडलेल्या केसावर दोनशे अंशांची पट्टी फिरवली तर केसावर तेल तापते, धूर नाकात जातो आणि पट्टीवर चिकट कीट बसते. खरपाक झालेल्या तेलाचा वास ज्याने घेतला आहे, त्याला या धुराचा वास ओळखता येईल. कोरफडीचा गर, जवसाचा वा मेथीचा बुळबुळीत काढा यांचीही हल्ली इस्त्रीपूर्व लेप म्हणून शिफारस होते. या द्रव्यांत बहुतांश पाणी असते. ते केस गुळगुळीत करतात हे खरे, पण लेप पुरता वाळू न देता वर पट्टी ठेवली तर ज्याला टाळावयाचे तेच आपण घडवून आणतो.

येथे वाग्भटांची आठवण येते. अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात उष्ण जलाने स्नान अधःकायाला बलकारक सांगितले आहे आणि तेच शिरावर घेतल्यास केस व नेत्र यांचे बल हरते, असा स्पष्ट इशारा दिला आहे. ज्यांना डोक्यावर कढत पाणीही मान्य नव्हते, त्यांच्या नावाने इस्त्रीला परवाना देणारे तेल विकावे, यातील विसंगती आम्हाला बोचते. मूर्धतैलाचे प्रयोजन वेगळे आहे. चरकाचार्यांनी शिरःशूल, खालित्य, पालित्य व केशपात टाळण्यासाठी ते नित्य करावयास सांगितले. नित्य अभ्यंग केलेला केस कमी गुंततो, विंचरताना कमी तुटतो आणि पुष्कळदा इस्त्रीची गरजच कमी भासते. हा लाभ लहान नाही.

रुग्णेने इस्त्री सोडावी असा आग्रह आम्ही धरीत नाही; तो आग्रह कोणी पाळत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. तिला मर्यादा घालून देणे शक्य आहे. न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी खोबरेल किंवा खोबरेलात सिद्ध केलेले तेल माफक लावावे, शिकेकाईने वा सौम्य शाम्पूने ते पूर्ण काढावे. केस पंचाने टिपून घ्यावेत, चोळू नयेत. ड्रायर वापरायचाच तर वीतभर अंतरावरून, सतत हलता ठेवून वापरावा. कोरियातील एका अभ्यासात (२०११) १५ सेंटीमीटरवरून हलत्या ड्रायरने वाळवलेल्या केसांचे नुकसान ओलेच राहू दिलेल्या केसांहून कमी आढळले, हे आमच्यापैकी अनेकांना अनपेक्षित वाटेल. पट्टी केवळ पूर्ण कोरड्या केसांवर, १५० अंशांच्या जवळपास, एका बटेवरून एकदाच फिरवावी. ब्लीच केलेल्या केसांना ही उष्णताही सोसत नाही. रोजची इस्त्री आठवड्यातून एकदा केली, तर कोणत्याही सीरमहून अधिक लाभ होतो.

औषधविक्रेते व उत्पादक बंधूंना आमची विनंती थोडी कठोर आहे. एकाच फळीवर प्रसाधन परवान्याखाली बनलेले ‘हर्बल’ सीरम आणि आयुर्वेदीय परवान्याखालील तेल शेजारी मांडलेले असते, आणि ग्राहकाला भेद कळत नाही. सीरमच्या घटकयादीत ‘-कोन’ किंवा ‘-सिलोक्सेन’ असा शेवट असलेली नावे शोधावीत. भृंगराजाचे चित्र समोर आणि सायक्लोपेंटासिलोक्सेन मागे, असा प्रकार दुर्मीळ नाही. आयुर्वेदीय कल्पाच्या वेष्टनावर घटकांची सत्य यादी देणे औषध नियमावलीच्या नियम १६१ नुसार बंधनकारक आहे आणि या शिस्तीचा आपल्याला अभिमान असावयास हवा. सिलिकोन नसेल तर ‘सिलिकोनरहित’ असे जरूर छापावे, ते विधान खरे आहे. ‘उष्णतारोधक’ हा शब्द मात्र आपल्या केशतेलांच्या बाटल्यांवरून काढून टाकावा आणि त्या जागी ठळक अक्षरांत छापावे : न्हाण्यापूर्वी लावावे, इस्त्रीपूर्वी लावू नये.