तिकीट तिच्या नावावर, गल्ला कुणाचा?

१/ रॅप संगीतात आज स्त्रियांची चलती आहे आणि तिच्याविषयी दोन निवाडे हमखास दिले जातात. पहिला असा की, बाजाराने स्त्रीला प्रथमच बोलते केले. दुसरा असा की, ती शब्दांवर नव्हे, देहावर खपते. दोन्ही निवाडे खोटे आहेत. त्यांचा खोटेपणा पाहायला न्यूयॉर्कला जावे लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीची झाडीपट्टी पुरेशी आहे.

२/ आधी आजचे चित्र. २०१९ साली कार्डी बी ही उत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी एकटीच्या नावावर मिळवणारी पहिली स्त्री ठरली. २०२५ मध्ये तोच मान डोईचीला मिळाला. आपल्याकडे २०२२ च्या ‘एमटीव्ही हसल’मधून सृष्टी तावडे घरोघरी पोहोचली. महादेव कोळी समाजातली माही जी ‘जंगलचा राजा’मधून आदिवासींचे जगणे मांडते. ही लोकप्रियता खरी आहे. प्रश्न तिच्या अर्थाचा आहे.

३/ ‘प्रथमच’ हा शब्द पहिल्याच पुराव्यापाशी गळून पडतो. रॅपचा बाजार उभा करणारी ‘रॅपर्स डिलाइट’ ही १९७९ ची तबकडी सिल्विया रॉबिन्सन या स्त्रीने काढली. कंपनीही तिची आणि तिच्या पतीची. मात्र त्या गाण्यातल्या काही ओळी ग्रँडमास्टर कॅझच्या होत्या आणि तबकडीवर त्याचे नाव नव्हते. मालक स्त्री असली म्हणून न्याय आपोआप होत नाही. शब्द कुणाचा आणि हिशेब कुणाच्या वहीत, हेच पाहावे लागते.

४/ १९८४ साली पुरुषांच्या एका चमूने रोक्सॅन नावाच्या ‘गर्विष्ठ’ मुलीवर गाणे केले. त्याला उत्तर दिले न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या रोक्सॅन शांतेने. जिच्याविषयी गायले जात होते, तीच बोलू लागली. रॅपमधल्या स्त्रीच्या इतिहासाचा हा खरा आरंभबिंदू आहे. तिथे देह नव्हे, जबाब विकला गेला.

५/ सवाल आणि जबाब झाडीला परके नाहीत. खडी गंमतीत शाहीर डफाच्या तालावर समोरच्याला शब्दांत अडकवतात. ऐनवेळी सुचलेल्या ओळीला गाव दाद देते. रॅपच्या झुंजीशी याचे नाते सांगावे लागू नये. परंतु खडी गंमतीत आणि दंडारीत स्त्रीचे सोंग परंपरेने पुरुषानेच घेतले. लुगडे स्त्रीचे, कंठ पुरुषाचा. याउलट रात्र रात्र रेला गाणाऱ्या गोंड-माडिया स्त्रियांच्या शब्दाला तिकीट नव्हते, म्हणून त्याला ‘कला’ म्हणण्याची घाई कुणी केली नाही.

६/ लावणीचेही तेच. ‘मी’ म्हणून लाजते, रुसते, झुरते ती स्त्री. पण तो ‘मी’ लिहिणारे राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, पुढे पठ्ठे बापूराव. पवळाबाईच्या अदाकारीवर फड गाजले. कवनांखाली नाममुद्रा मात्र बापूरावांची. स्त्रीच्या तोंडून बोलणाऱ्या पुरुषाला आपण शाहीर म्हटले आणि बोलणाऱ्या स्त्रीला नाचणारी.

७/ आता झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळीनंतर मंडया भरू लागतात आणि वडसा हे गाव नाटकांची बाजारपेठ बनते. तिथल्या कंपन्यांकडून गावोगावची मंडळे ठरावीक रकमेला प्रयोग घेतात, तिकिटे विकतात, नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांना तिचा शोध लागला.

८/ पुरुषपात्रे मागे सरून स्त्रिया रंगमंचावर आल्या, हा निश्चितच विजय होता. फलकावर त्यांची छायाचित्रे झळकतात, त्यांच्या लावणीसाठी गर्दी जमते. परंतु संहिता लिहिणारे, कंपनी चालवणारे आणि प्रयोगाचा भाव ठरवणारे बहुतांश पुरुषच राहिले. तिच्या वाट्याला रात्रीचे मानधन येते आणि दुसऱ्या दिवशी गावाची कुजबुज. तंबू तिच्या नावावर भरतो, वही दुसऱ्याच्या हातात असते.

९/ ‘लोकांना तेच हवे असते’ हा युक्तिवाद इथे ठरलेला. लोकांपुढे जे ठेवले जाते त्यातूनच ते निवडतात, हे तो सोयीस्करपणे विसरतो. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांनाही लोकांनी डोक्यावर घेतले, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. तरी त्यांचा अखेरचा काळ विवंचनेत गेला. २००२ मध्ये त्या गेल्या. पुढे त्यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. टाळ्या आणि मिळकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

१०/ मग रॅपमध्ये नवे काय? बाजाराची कृपा नव्हे. नवे हे की, इथे ‘मी’ म्हणणारी आणि ‘मी’ लिहिणारी सहसा एकच स्त्री असते. लावणीच्या शतकांत जी फट बुजली नाही, ती इथे बुजू शकते. म्हणूनच तिच्या कपड्यांवर चर्चा लांबवणारे टीकाकार आणि तिला ‘सक्षमीकरणा’चे लेबल चिकटवून करारावर सही घेणारे व्यापारी एकाच बाजूला उभे आहेत. दोघांनाही तिच्या ओळींकडे पाहायचे नाही.

११/ कायदा मात्र पाहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा सुरक्षित केला. नट, गायक, नर्तक या ‘सादरकर्त्यां’नाही आपल्या सादरीकरणासोबत आपले नाव यावे, हा हक्क मिळाला. जिवंत प्रयोगाचे चित्रण त्यांच्या संमतीवाचून करता येत नाही. हा हक्क मुंबईच्या रॅपरला आहे तितकाच वडशाच्या मंचावरच्या नर्तकीलाही आहे. तिची लावणी भ्रमणध्वनीत टिपून स्वतःच्या वाहिनीवर टाकणाऱ्यांपैकी किती जण तिला विचारतात?

१२/ तेव्हा स्त्री रॅपरच्या लोकप्रियतेचा उत्सव जरूर करावा, पण तिच्या श्रोत्यांची संख्या मोजून थांबू नये. ओळी कुणी लिहिल्या, करार कुणी वाचला, पैसे कुठे गेले, हे विचारावे. आणि तोच प्रश्न येत्या मंडईच्या रात्री झाडीपट्टीच्या तंबूबाहेर, तिकीट हातात असताना, फलकावरचे तिचे नाव वाचून विचारावा.