हाली चांदीचा कस

मोडीला आलेल्या जुन्या चांदीची पहिली मानहानी होते ती कसोटीच्या दगडावर. सराफ दागिना घासतो, आम्लाचा थेंब सोडतो आणि मान हलवतो, "आजी, चांदी हलकी हाय, घट धरावी लागंल." आजी गप्प बसते. आपल्या सासूला तेव्हाच कुणीतरी फसवलं असणार, असं तिला वाटतं. माझं म्हणणं एवढंच की निदान धाराशिवात तरी या हलकेपणाला चटकन खोट म्हणू नये. पुष्कळदा तो त्या दागिन्याचा जन्मदाखला असतो.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा. आपल्या जिल्ह्याला परवापरवापर्यंत ज्याचं नाव होतं, त्या मीर उस्मान अलीचा हाली रुपया इथल्या बाजारात चालायचा. इंग्रजांचा कलदार त्याहून भारी, सहा कलदारांना साधारण सात हाली. कलदार 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात शेकडा 91.66 भाग चांदी. हाली 11.18 ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा 81.8. दुसऱ्या महायुद्धात दोन्हींतली चांदी निम्म्यावर आली. आता खेड्यातल्या सोनाराकडे चांदीची वीट कुठून येणार? गिऱ्हाईक घरातले रुपये द्यायचं, तेच मुशीत आटवून तो वाळे, तोडे, सरी घडवायचा. हाली आटवून केलेल्या वाळ्याला कलदाराचा कस लागेल कसा?

आटवलेला रुपया ओळखू येत नाही, ओवलेला मात्र बोलतो. लमाण, म्हणजे बंजारा, बायकांच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळा पाहताना मी आधी राणीछाप बाजूला ठेवतो. ते देशभर फिरले, त्यांच्यावरून गाव कळत नाही. चारमिनार असलेला रुपया निघाला की भिंग काढायचं. चारमिनारच्या दारात ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणं महबूब अलीच्या काळातलं, ‘ऐन’ असेल तर उस्मान अलीचं, म्हणजे 1911 नंतरचं. हिजरी साल वाचता आलं तर आणखी बरं. माळेतल्या सगळ्यांत नव्या नाण्याच्या आधी ती माळ, आज आहे त्या रूपात, असू शकत नाही. मात्र नाणं जुनं म्हणून माळही तेवढीच जुनी, असं नव्हे. आजीचे रुपये नातीनं नव्या दोऱ्यात ओवले असतील.

मग झीज पाहायची. खरी झीज एकसारखी नसते. कडी जिथे कडीवर घासते तिथे ती पातळ होते, वाळ्याची आतली बाजू गुळगुळीत होते, नक्षी उंचवट्यांवर पुसते आणि खोबणीत टिकते. सगळीकडे सारखा काळेपणा दिसला, तर तो गंधकाच्या रसायनाने आणलेला असण्याचीच शक्यता जास्त. गिलट ओळखायला तर दगडही लागत नाही. हातात घेतलं की वजनच चुगली करतं. तसं गिलटातही जुनं असतंच, दुष्काळात चांदी गेली की अंगावर गिलट यायचं. 1972 च्या दुष्काळानंतर किती घरांत असं झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं शहरातल्या दुकानात पोचेपर्यंत पुसलं जातं. बंजारा बाईच्या केसांतली घुगरी म्हणजे सौभाग्याची खूण, कपाळाच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी. दुकानात तिचं कानातलं होतं, जोडी फुटली तर एकटीचं पदक. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘राजस्थानी’, नाहीतर ‘ट्रायबल’. ही एक गंमतच. तेलंगणात हेच लोक लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत आहेत, आपल्याकडे बंजारा विमुक्त जातींत. हैदराबाद गॅझेटचा दाखला देत 2025 मध्ये मराठवाड्यात जमातीच्या दर्जासाठी मोर्चे निघाले. जे सरकारदरबारी मिळत नाही, ते व्यापारी चिठ्ठीवर फुकट देऊन टाकतो. आणि दागिना ‘दीडशे वर्षांचा’ असल्याचं शपथेवर सांगतो. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हे आठवलं की तोच दागिना एका क्षणात तरुण होतो.

तेरचे संग्राहक रामलिंगप्पा लामतुरे यांचं मोठेपण मला इथेच जाणवतं. त्यांच्या संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे, पाँपेईत सापडलेल्या बाहुलीची बहीण शोभावी अशी. पण ती तेरची आहे, हे ठाऊक असल्यामुळेच तिच्यावरून रोमच्या व्यापाराबद्दल बोलता येतं. कुठली ते माहीत नसतं, तर ती नुसती सुंदर राहिली असती.

चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून तांड्यांवरच्या पेट्या भराभर उघडताहेत. पोरीचं लग्न, पोराची फी, बोअर घ्यायचा आहे. विकू नका म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. सराफांकडे मात्र एक मागणं आहे. मुशीत टाकण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि वहीत वजन, कस, कुठल्या तांड्यावरून आलं ते लिहून ठेवा. विकणारीचं नाव नको. आणि चारमिनारचा रुपया असेल, तर दारातलं अक्षर तेवढं बघा.